पर्थला गेलेलं पिस्तूल
ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत खाणीवर इंजिनिअर असताना मी पिस्तूल क्लबात नेमबाजी करायला लागलो. बायकोला ते आवडत नसे. एका शनिवारी सरावात ट्रिगर एकदाच दाबला आणि गोळ्या दोन सुटल्या. कुणाला लागलं नाही. मी पिस्तूल तिथेच रिकामं केलं आणि घरी येऊन तिला सगळं सांगितलं.

दुरुस्ती करणारा कारागीर सहाशे किलोमीटरवर पर्थला होता. पोस्टात विचारलं, तर "बंदुकांच्या डीलरमार्फत पाठवा" म्हणाले. स्वतः गाडीने जायचं तर पेट्रोल आणि सगळा वीकेंड गेला असता. शेवटी गावातल्या लायसन्सवाल्या डीलरकडे गेलो. "नो वरीज, मेट," तो म्हणाला. "माझा माल तिकडे जातोच, तुझंही त्याच्याबरोबर पाठवतो." त्याने लायसन्स तपासलं, पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि पावती दिली. खर्च पेट्रोलच्या मानाने किरकोळ होता.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "दुरुस्त होऊन आलं की मला क्लबात ने. तू तिथे काय करतोस, ते एकदा बघायचंय."

ट्रिगरचा झिजलेला भाग बदलून पिस्तूल डीलरकडे परत आलं. ती क्लबात आली, आवाज अडवणारे मफ कानांवर लावून, मी नेम धरत असताना माझ्या मागे उभी राहिली. परतताना गाडीत म्हणाली, "घरी तू इतका शांत कधी नसतोस."

ती पुन्हा क्लबात आली नाही, पण मला जाऊ नकोस असंही कधी म्हणाली नाही.