भागीबाईंच्या तोंडची सासू

भागीबाईंची सासू एक्क्याण्णव साली गेली. जाताना तिने चांदीच्या पाटल्या लेकीला दिल्या, पितळी हंडा धाकट्या सुनेला दिला, आणि थोरल्या सुनेला, म्हणजे भागीबाईंना, काहीच दिलं नाही असं सगळी भावकी समजून चालली होती. तिने खरं काय दिलं ते कळायला पुढे दहा-अकरा वर्षं जावी लागली.

म्हातारीला एकच शिवी येत होती, पण त्या एकीवर तिने सगळा संसार ओढला. भाकरी करपली, ‘तुझा मुडदा बशिवला!’ नळाला पाणी आलं, ‘तुझा मुडदा बशिवला!’ नातू पास झाला, तरी त्याच्या गालावरून बोटं फिरवत, डोळ्यांत पाणी आणून, ‘तुझा मुडदा बशिवला रे!’ शिवी अशी द्यावी की आशीर्वादाने लाजून मागे सरावं. नाशिकरोडच्या त्या वसाहतीत सकाळी म्हातारीचा आवाज ऐकू आला नाही तर लोक घड्याळाला चावी दिली का ते बघायचे.

भागीबाई मात्र दुसऱ्या टोकाच्या. तोंडात कधी वावगा शब्द नाही. त्यांची कीर्ती नाव घेण्यात. वसाहतीत हळद असो, डोहाळजेवण असो की बारसं, बायका आधी त्यांच्याकडे यायच्या. “भागीबाई, आमच्या ह्यांच्या नावाचं काहीतरी झकास करून द्या.” भागीबाई हातातली मेथी खाली न ठेवता द्यायच्या: ‘नाशिकरोडच्या ठेसनावर गाडी आली लेट, दिनकररावांची माझी तिथंच झाली भेट.’ दिनकरराव जन्मात रेल्वेत बसले नव्हते, पण टाळी पडली की खरंखोटं कोण विचारतं? स्वतःच्या नवऱ्यावर तर त्यांनी ठेवणीतला रचला होता:

‘पिंपळगावच्या बाजारात कांद्याची रास,
जयरामराव घोरतात, गल्लीला त्रास.’

जयरामराव नगरपालिकेच्या पाणीखात्यात कारकून होते. पुढे महानगरपालिका झाली तरी ते कारकूनच राहिले. हा उखाणा ऐकला की ते कान लाल करून पान खायला निघून जायचे.

तर अशा या बाई दोन हजार दोनच्या थंडीत वाटाणे सोलता सोलता एका बाजूला कलल्या. उजवा हात लाकडासारखा झाला, तोंड वाकडं झालं. सरकारी दवाखान्यात काही दिवस त्या नुसत्या आढ्याकडे बघत होत्या. मग एका सकाळी मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, “काय आजी, कसं वाटतंय?”

भागीबाईंना सगळं समजलं होतं. उत्तरही तयार होतं: ‘बरं वाटतंय, डॉक्टरसाहेब.’ वाक्य डोक्यात स्वच्छ धुतलेलं, इस्त्री केलेलं उभं होतं. त्यांनी ते ओठांकडे पाठवलं. वाटेत काय झालं देव जाणे, पण बाहेर आलं ते असं:

“तुझा मुडदा बशिवला!”

भागीबाईंनी दचकून मागे पाहिलं. सासू कुठे दिसेना. पलंगाशी जयरामराव मात्र जमीन दुभंगण्याची वाट बघत उभे होते.

डॉक्टर खूश! “वा! आवाज आला!”

दवाखान्यात बोलायला शिकवणारी एक तरुण बाई होती. तिने जयरामरावांना आणि त्यांच्या लेकीला, संध्याला, समोर बसवून समजावलं. “हे बघा, आपण बोलतो ते दोन प्रकारचं. एक रोज ताजं रांधतो. काय सांगायचं ते ठरवायचं, शब्द शोधायचे, जुळवायचे, मग तोंडाला हुकूम द्यायचा. दुसरं बरणीत घालून ठेवलेलं. आकडे, वारांची नावं, प्रार्थना, गाणी, शिव्या. तेवढं हात घातला की निघतं. आजींची चूल विझलीय, पण बरण्या शाबूत आहेत.”

“पण ही बरणी आमच्या आईची आहे हो!” जयरामराव रडकुंडीला येऊन म्हणाले. “हिने उभ्या जन्मात कुणाला शिवी दिली नाही.”

“दिली नसेल. ऐकली किती वर्षं?”

जयरामरावांनी मनात हिशेब केला आणि हाताची बोटं कमी पडली.

घरी आल्यावर भागीबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. शब्द सासूचे होते, पण चाल अजून आपली होती. चहा हवा असला की शिवी शेवटी वर चढायची, पोरगी उशिरा आली की मधेच तुटायची, शेजारच्या रंगूबाई चुगली घेऊन आल्या की कुजबुजत निघायची. ताल तोच, राग वेगळा. संध्या हुशार; महिन्याभरात तिला सगळं उमजायला लागलं. “आई पंखा लाव म्हणतेय.” “आई म्हणतेय, रंगूमावशी, पुढे काय झालं?” जयरामरावांचा कान मात्र अगदीच बधिर. बायकोने चहा मागितला की ते बाम घेऊन यायचे, आणि बाम का आणला म्हणून तिने कपाळावर हात मारला की तो बाम कपाळाला चोळायचे.

आणि अशात संध्याचं जमलं. संध्या एका बालवाडीत शिकवत होती. मुलगा सुनील, इगतपुरीजवळच्या नांदगावच्या शाळेत मास्तर. पोरापोरीची पसंती झाली. आता त्याचे आईवडील, सहादू आणि लताबाई, त्याला घेऊन सुपारी फोडायला रविवारी येणार होते.

शनिवारी जयरामरावांनी बायकोला समोर बसवलं. “भागे, नीट ऐक. तो घरातला मंगल प्रसंग. तिथं तू आईचं ते वाक्य म्हटलंस की संपलं. मी तर तुझ्या भावाला, गेणूला, निरोप देणार होतो, दिंडोरीला घेऊन जा म्हणून, लग्न होईपर्यंत. संध्या अडून बसली. म्हणून उद्याचा दिवस तुला देतो. तोंडातून एक अक्षर काढलं नाहीस तर लग्नात मांडवात पहिल्या रांगेत बसशील. काढलंस, तर दिंडोरी.”

पोटच्या पोरीचं लग्न, आणि आपण भावाच्या घरी द्राक्षाच्या मळ्याकडे बघत बसायचं! भागीबाईंना नवऱ्याला पुष्कळ काही ऐकवायचं होतं. त्यांनी ते सगळं एका दमात ऐकवलं. जयरामराव बाम घेऊन आले.

रविवारी पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं. पांढऱ्या साडीत कोपऱ्यात ओठ मिटून बसलेल्या भागीबाईंकडे बघत लताबाई म्हणाल्या, “इहीणबाई काय बोलंना झाल्या? आमचं काही चुकलं का?”

जयरामरावांनी रात्रभर घोकलेलं वाक्य टाकलं. “त्यांचं मौन आहे. विपश्यना करतात. इगतपुरीचं शिबिर.”

नांदगावहून येणाऱ्या माणसाला फसवायचं तर निदान दुसरं गाव तरी निवडावं. सहादू खुर्चीत पुढे सरकले. “अरे वा! मीपण केलंय. दोनदा! पण मौन तिथंच असतं हो. घरी आल्यावर बोलतात की.”

“ह्या... जादाचं पाळतात.”

“जादाचं?”

“हौस आहे.”

संध्याने हसू लपवायला पदर तोंडात कोंबला. सहादूंना मात्र विहिणीबद्दल एवढा आदर वाटला की त्यांनी बसल्या जागी हात जोडले. इथवर सगळं सुरळीत होतं.

मग मेणबत्ती लागली, उदबत्ती लागली, आणि सगळे वंदनेला उभे राहिले. सहादूंनी सुरुवात केली. चार माणसांच्या सुरात सूर मिसळला आणि भागीबाईंच्या छातीत काहीतरी हललं. ‘बुद्धं सरणं गच्छामि...’ त्यांनी अडवलं नाही, अडवावं हे सुचलंच नाही. एकेक शब्द गोल, ठसठशीत, गाळून घेतलेल्या पाण्यासारखा. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. किती महिन्यांनी स्वतःचं तोंड स्वतःचं वाटलं! पंचशील संपेपर्यंत त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि जयरामरावांच्या मानेवरून घाम.

“मौन सुटलं!” लताबाईंनी टाळी वाजवली. “आता सोडायची नाय. नाव घ्या, इहीणबाई!”

“नको नको,” जयरामराव मधे पडले. “दमल्यात त्या.”

पण नाव घ्या म्हटल्यावर भागीबाईंना थांबवणं म्हणजे घसरगुंडीवर बसलेल्या पोराला मधेच धरणं. बरणीत हात गेलाच.

“पिंपळगावच्या बाजारात कांद्याची रास, जयरामराव घोरतात, गल्लीला त्रास!”

घर हसलं. सुनील मास्तर तर उशीत तोंड घालून हसला. लताबाई खूश होऊन विहिणीजवळ सरकल्या, तिचा डावा हात हातात घेतला आणि मायेने म्हणाल्या, “मग देता ना पोरगी आमाला?”

हा प्रश्न मात्र ताजा होता. याचं उत्तर कुठल्याही बरणीत नव्हतं. भागीबाईंनी चूल फुंकली, फुंकली. ‘देते हो, आनंदाने देते,’ एवढंच तर म्हणायचं होतं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

“तुझा मुडदा बशिवला!”

उदबत्तीचा धूरसुद्धा जागच्या जागी थांबला. लताबाईंनी हात सोडला. सहादू, जे आत्ताच शकुन-अपशकुन मानणाऱ्यांवर चांगलं लांबलचक बोलले होते, त्यांनी सुपारीचं ताट हळूच स्वतःकडे ओढलं. जयरामराव भिंतीला टेकले. डोळ्यांपुढे दिंडोरीची एसटी उभी राहिली.

“काकू,” संध्या पुढे आली. “मौन नाही, विपश्यना नाही. आईला मागच्या वर्षी झटका आला. तिला सगळं कळतं, पण ठरवून बोलायला गेली की आमच्या आजीची शिवी येते. ती ‘आनंदाने देते’ म्हणाली. तुम्ही शब्द सोडा, आवाज ऐका.”

लताबाईंचा विश्वास बसेना. भागीबाईंनी ताटातला पेढा उचलला, डाव्या हाताने विहिणीच्या तोंडाशी धरला आणि अजिजीने, शेवट हळूच वर उचलत तेच तीन शब्दांचं वाक्य म्हटलं. ‘घ्या हो, रागावू नका.’ ते कुणीही ऐकलं असतं तरी समजलं असतं. लताबाईंचं तोंड आपोआप उघडलं. पेढा आत गेला.

“अगं बाई,” त्या चघळत म्हणाल्या, “हे तर कळतंय की! अजून काय म्हणत्यात बघ.”

भागीबाईंना एवढंच म्हणायचं होतं की जेवायला थांबा. त्या म्हणाल्या.

संध्याने मान डोलावली. “आई म्हणते, लग्नानंतर माझी नोकरी सोडायला लावू नका. नांदगावात बालवाडी बघा.”

भागीबाई चमकल्या. असं काही आपण म्हटलं नव्हतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. फक्त डावा डोळा किंचित बारीक झाला होता. भागीबाईंना मनापासून आनंद झाला. कार्टी आपल्यावर गेली! त्यांनी तिला रसद पुरवली, जोरात.

“देणंघेणं काही नको, म्हणते. लग्न एकाच दिवसात.”

पुन्हा एक, थोडी लांबवून.

“सुनीलनी स्वतःचे कपडे स्वतः धुवावेत.”

“हे त्या म्हणाल्या?” सुनीलने विचारलं.

भागीबाईंनी त्याच्याकडे रोखून बघत ते ठासून म्हटलं. सुनील मास्तर म्हणाला, “धुईन.”

लताबाईंनी प्रत्येक अटीला मान हलवली. अशा बाईशी हुज्जत घालायची कुणी? “सगळं कबूल,” त्या म्हणाल्या, “पण एक आमचंबी ऐका. लग्नात इहीणबाई माझ्या शेजारी बसणार. आमच्या भावकीत बोलणाऱ्या लय, पण तोंडावर बोलणारी एक नाय.” सहादूंनी ताट परत पुढे ढकललं. सुपारी फुटली.

पाहुणे जेवून गेले. घरात खरकटी ताटं आणि जयरामराव उरले.

“भागे, तू हे सगळं खरंच म्हणालीस?”

भागीबाई वाकड्या तोंडाने जेवढं हसता येतं तेवढं हसल्या.

“गेणूला उद्या फोन करतो,” जयरामराव खाली बघत पुटपुटले. “न्यायला येऊ नको म्हणतो. लग्नालाच ये म्हणतो.”

भागीबाईंनी काहीतरी म्हटलं. शेवट वर चढला. जयरामराव बामाच्या बाटलीकडे वळले, थबकले, डोकं खाजवलं आणि स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी पडल्याचा आवाज आला, मग स्टो पेटल्याचा. चहा आला तो निम्मा बशीत सांडलेला, वर सायीचा जाड थर, आणि साखर एवढी की चमचा उभा राहावा.

भागीबाईंनी एक घोट घेतला आणि आपलं मत सांगितलं. संध्या शेजारी गेली होती. तरी जयरामरावांनी खालमानेने कप परत नेला आणि दुसरं आधण ठेवलं.