पाटीखालचं माप

चामोर्शीजवळच्या आमच्या शेतात मी त्या मिस्त्रीला पाहिलं. धान निसवायला आलं होतं. पाण्याविना लोंबी पोचट राहते. आणि बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं, पाणी ओढणारं वडिलांच्या वेळचं डिझेल इंजिन नेमकं तेव्हाच बेरिंग झिजून बंद पडलं. इंजिनाच्या पाटीवरचा नंबर दाखवून मी चंद्रपूरहून नवं बेरिंग आणलं. मिस्त्रीने ते क्रँकवर, इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर, ठेवलं, बोटाने हलवलं आणि माझ्या हातात परत दिलं.

"ढिलं आहे, भाऊ."

मला रागच आला. "नंबर तं तोच आहे."

"तो नंबर इंजिन नवं होतं तवाचा. मंधात कोनं तरी क्रँक घासून बारीक केला. आता त्याले त्याच्या मापाचं लागते."

सदऱ्याला पुसून त्याने मायक्रोमीटर क्रँकला तीनदा लावला. दुसऱ्या दिवशी त्या मापाचं बेरिंग बसलं, पाणी धानाच्या बांधीत उतरलं. मग तो छिन्नीने पाटीखाली नवं माप कोरत बसला.

"काऊन कोरता? पुढच्या टायमाले तुमीच याल न."

"मी राहीन, नाई राहीन. इंजिन तं राह्यते."

ते माप अजून वाचता येतं. खाली त्याने नाव कोरलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.