अंजनाबाईचा फुटका लॅपटॉप

नागभीडच्या बसस्टँडसमोर अंजनाबाई गुरनुलेंचं कॅसेटचं दुकान होतं. पानठेल्याएवढी खोली, आत दोन टेपरेकॉर्डर आणि छतापर्यंत कॅसेटी. बाईमाणसानं असलं दुकान टाकावं याचं लोकांना पहिल्यांदा नवल वाटलं, मग सवय झाली. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज, गाडीतून उतरलेली माणसं आधी तिच्या दुकानात शिरत, कोणती गाणी हवीत ते सांगत आणि बाजार करून येईपर्यंत कॅसेट भरून तयार असे. दंडार या लोकनाट्याची गाणी, भजनं, गावागावांतल्या नाटकांतली पदं, असं सगळं तिच्याकडे मिळायचं. एखादं गिऱ्हाईक फारच घासाघीस करू लागलं, तर ती त्याच्या भक्तिगीतांच्या मधोमध एक चावट लावणी भरून देई. गिऱ्हाईक भांडायला यायचं आणि जाताना तसलीच आणखी एक भरून मागायचं.

मोबाइल आले, दुकान बसलं. कॅसेटी पोत्यांत भरून गावी, घरच्या माळ्यावर गेल्या. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरू लागली तेव्हा अंजनाबाईनं गडचिरोलीला नर्स असलेल्या लेकीला, पुनमला, बोलावून घेतलं. पुनमच्या सुट्ट्यांत दोघींनी एक अख्खा हिवाळा बसून एकेक कॅसेट वाजवली आणि गाणी एका डिस्कमध्ये भरली.

पुनम म्हणाली, "आई, आता घरात एक कॉम्प्युटर कायमचा चालू ठेव. गाणी त्याच्यात राहतील. बाहेर सपरीत, आत रांधणीत, मागं गोठ्यात एकेक चार्जिंगचा स्पीकर ठेवू. तू मोबाइलवरून जिथी पाहिजे तिथी गाणं लाव."

"गोठ्यात लावलं तं तुह्या बाबाले समजन काय, कोण लावलं?"

"नाई समजणार."

"मंग आणूच," अंजनाबाई म्हणाली.

तिचे यजमान नथ्थूभाऊ गावातले वजनदार गृहस्थ. धानाची शेती, पांढऱ्या मिशा, आणि गावातली भांडणं मिटवणाऱ्या समितीचं अध्यक्षपद. ते म्हणाले, "म्हातारपणी बाईले खूळ लागलं," आणि विषय मिटवला. निदान त्यांना तसं वाटलं.

आता कॉम्प्युटर कोणता घ्यायचा? अंजनाबाईनं आयुष्यभर गिऱ्हाइकाला आधी वाजवून दाखवलं, मग विकलं. न वापरता वस्तू घेणं तिला पटेना. तिचा भाचा आदेश नागभीडला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्याला तिनं फर्मावलं, "एकेक आणून ठेव घरी. जो नांदन तो राहीन."

पहिला आला तो उंचापुरा, काचेच्या पोटाचा, आत लाल-निळे दिवे लुकलुकणारा. आदेश त्याचे गुण सांगताना थकेना. अंजनाबाईनं गाणं लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "हे मागून घुंघुं कोण करून राह्यलं?"

"पंखा आहे जी मामी. गरम होते न तो."

"म्हंजे गाण्यासंग राइस मिलबी ऐकाची का आमी?"

वैशाखात तर त्या यंत्राचा आवाज इतका चढला, की शेजारच्या रुखमाबाईनं धान भरडायला घ्याल का म्हणून विचारलं. शिवाय त्याचे दिवे बघायला पाखरं जमायची आणि पाखरांमागे पाली. अंजनाबाईनं त्याला आल्या वाटेनं परत पाठवलं.

दुसरा पुनमनं मागवला. साबणाच्या वडीएवढा, काळ्या डब्यातला, ना पंखा ना आवाज. विजेचा खर्च म्हणावा तर देव्हाऱ्यातल्या दिव्याइतका. अंजनाबाई त्याच्यावर खूश झाली. तिनं त्याला सपरीतल्या कोनाड्यात ठेवलं आणि शेजारणींना बोलावून दाखवलं, "येवढूशा डबीत माहं सारं दुकान आहे."

पण हे कौतुक फार टिकलं नाही. आरमोरीला नात्यातलं लग्न होतं. नथ्थूभाऊ नवं धोतर नेसून घाईनं निघाले आणि जाता जाता कोनाड्यातली ती डबी पॉवरबँक समजून वायरीतून उपटून खिशात घालून घेऊन गेले. घरातलं गाणं अर्ध्या ओळीवर बंद पडलं. तिकडे मांडवात भाऊंनी अक्षता पडेपर्यंत मोबाइल त्या डबीला जोडून ठेवला, चारचौघांना दाखवला आणि मोबाइल मेला तेव्हा कंपनीला शिव्या दिल्या. घरी येऊन त्यांनी डबी बायकोपुढे आपटली. "बेकार माल आणते तुही पोरगी. थेंबभर चार्ज होत नाई."

अंजनाबाईला हसावं की रडावं कळेना. चालत्या मशीनची वायर उपटल्यानं आतलं मेमरी कार्ड बिघडलं होतं. गाणी डिस्कवर सुखरूप होती, पण तिनं मनाशी ठरवलं, या माणसाच्या घरात मशीन अशी हवी, की जी त्याच्या खिशात मावणार नाही, उपटली तरी बंद पडणार नाही आणि जिचा कोणाला मोह होणार नाही.

तसली वस्तू आदेशच्या दुकानात कोपऱ्यात पडून होती. एक लॅपटॉप, ज्याच्यावर त्याचा मालक बसला होता. स्क्रीनला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा, चित्राच्या नावानं अंधार. बाकी सगळं ठणठणीत, बॅटरीसुद्धा नुकती बदललेली. आदेश ओशाळून म्हणाला, "मामी, हा तुमाले कायले? याच्यात काही दिसत नाई."

"गाणं पाहाचं असते काय रे?"

घरी आणून तिनं त्याची परीक्षा घेतली. नथ्थूभाऊ टीव्हीवर क्रिकेट पाहत होते, शेवटचा गडी खेळत होता, आणि ते खाटेच्या कडेला येऊन श्वास रोखून बसले होते. अंजनाबाईनं हळूच जाऊन घराचा मेन स्विच खाली ओढला.

"लाइन गेली! आत्ताच जाची होती का!" भाऊ किंचाळले.

रांधणीत मात्र दंडारीचा ढोल घुमत होता. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू होता, वाय-फायचा डबा पुनमनं लावून दिलेल्या छोट्या बॅटरीवर. सगळ्या गल्लीत वीज आहे आणि आपल्याच घरात का नाही, हे भाऊ अंगणात जाऊन बघेस्तोवर अंजनाबाईनं स्विच वर केला, चेहरा सरळ केला आणि आदेशला फोन लावला, "हा राह्यला."

लॅपटॉपला धान साठवायच्या ढोलीवर, भुशापासून दूर, जाळीच्या पाटीखाली जागा मिळाली. खालून हवा लागेल असं तिनं त्याला दोन विटांवर ठेवलं. आणि मग घरात गंमत सुरू झाली. भाऊ गोठ्यात बैलाला दटावू लागले, की तिथे अंगाई लागे. समितीपुढे भाऊ कोणाला उपदेश करू लागले, की सपरीतून तुतारी वाजे. भाऊंनी स्पीकर उलटेपालटे केले, बायकोकडे संशयानं पाहिलं. ती तांदूळ निवडत असे.

एका दुपारी सिंदेवाहीचे इतवारीभाऊ नथ्थूभाऊंना भेटायला आले. मोठे शेतकरी, करारी माणूस. चहा घेत दोघं आजकालच्या नाटकांना नावं ठेवू लागले. नथ्थूभाऊ मिशी पिळत म्हणाले, "आमच्या बाईले जुन्या गाण्यांचं वेड आहे. त्या फुटक्या डब्यापुढं बसून राहते दिवसभर. बायकांची अक्कल."

आत अंजनाबाईच्या हातातली चाळणी थांबली. माळ्यावरच्या पोत्यात तिला एक कॅसेट सापडली होती. तिच्या लग्नाआधी नथ्थू गावच्या नाटकात नायिका होत असे. मिशी नव्हती तेव्हा त्याला. ही गोष्ट सासूनं तिच्या कानात सांगितली होती, आणि भाऊंनी मात्र आयुष्यभर लपवली होती. त्याच नाटकाची ती कॅसेट. तिनं मोबाइल घेतला, त्यातलं पद काढलं आणि स्पीकरांच्या यादीतल्या 'सपरी'वर बोट दाबलं.

बारीक, लाडिक आवाज सपरीत भरून गेला. नथ्थूभाऊंच्या घशात चहा अडकला. इतवारीभाऊ मात्र कप खाली ठेवून ताठ बसले.

"थांबा... हा आवाज... ही तं चंद्रकला!"

"कोण चंद्रकला? बंद करा ते!" भाऊ खोकत म्हणाले.

"कोण म्हंजे? नथ्थूभाऊ, तुमच्याच गावच्या नाटकात होती. मळणी टाकून मी तीनदा पाह्यलं ते नाटक. काय ती नजर! एकाच्या हातानं मी तिले लुगडं पाठवलं होतं. निरोप काही आला नाई." इतवारीभाऊंचे डोळे ओले झाले होते. "जिती आहे काय हो ती? कुठी असते?"

अंजनाबाई दारात आली. "आहे न जी. तुमच्यापुढं चहा पिऊन राह्यली."

इतवारीभाऊंनी मागं पाहिलं, बाजूला पाहिलं, आणि शेवटी नथ्थूभाऊंकडे पाहिलं. मिशी सोडून बाकीचा चेहरा त्यांनी बराच वेळ न्याहाळला. मग ते उठले, टोपी घातली आणि फाटकापर्यंत गेले. तिथून परत आले.

"लुगडं तरी आवडलं होतं का?"

नथ्थूभाऊ खाली पाहत म्हणाले, "चांगलं होतं जी."

अंजनाबाईला हसू आवरेना. सहज तिनं विचारलं, "कोणत्या रंगाचं होतं?"

"जांभळं. मोरपंखी काठाचं," इतवारीभाऊ म्हणाले.

तिचं हसू तिथेच थांबलं. जांभळं, मोरपंखी काठाचं लुगडं नथ्थूनं लग्नानंतर तिला पहिल्यांदा आणून दिलं होतं. खास नागपूरहून, तुझ्यासाठी निवडून, असं म्हणाला होता. ती ते सणासुदीला नेसली, विरलं तेव्हा त्याची गोधडी शिवली आणि त्या गोधडीवर पुनम वाढली.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं.

इतवारीभाऊ निघून गेले. संध्याकाळपर्यंत घरातले सगळे स्पीकर गप्प होते. असं कधी होत नसे, म्हणून भाऊंना जास्तच भीती वाटली. शेवटी ते रांधणीच्या उंबऱ्यावर येऊन बसले.

"अंजना, तवा जवळ काही नव्हतं वो. तुले द्यावं असं लई वाटे. आन ते लुगडं घरात पडूनच होतं."

"आन नागपूर?"

"नागपूर मी पाह्यलंच नव्हतं तवर."

तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. "उद्या चला मंग ब्रह्मपुरीले."

"लुगडं घेऊन देतो. तू म्हणशीन ते."

"लुगडं नाई पाहिजे. मले दुसरी डिस्क पाहिजे. एक बिघडली तं चंद्रकला कुठून आणू मी?"

भाऊंनी निमूटपणे डिस्क आणली, आणि दुकानदारानं काय भरायचं आहे विचारलं तेव्हा "भजनं" असं सांगितलं.

पुढल्या आठवड्यात इतवारीभाऊ परत आले. हातात पिशवी, पिशवीत कॅसेटी. "बाई, हेबी भरून द्याल काय तुमच्या फुटक्यात?" त्यानंतर ते येतच राहिले. आता दर बाजाराच्या दिवशी दोघं म्हातारे सपरीत बसून चंद्रकलेचं पद ऐकतात. इतवारीभाऊ म्हणतात, दुसऱ्या कडव्यात ती चुकली. नथ्थूभाऊ म्हणतात, अजिबात नाही, पेटीवालाच चुकला होता. आवाज चढतात. मग अंजनाबाई रांधणीतून, मोबाइलवर, गाण्याचा आवाज थोडा थोडा कमी करत जाते. दोघं पुढे वाकतात, आणखी वाकतात, स्पीकरला कान लावतात, एकमेकांना विचारतात, "तुमाले येऊन राह्यलं काय हो ऐकू?" आणि दोघांपैकी एकही कबूल करत नाही, की आपल्याला काहीच ऐकू येत नाही.