दोनशे चाळीस दिवसांच्या आत

पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी मोशीहून निरोप आला, ज्ञानोबा अण्णा गेले. माझ्या तोंडून निघालं, ‘‘मग आज हजेरी कोण घेणार?’’ दीड महिना झाला, पण त्या वाक्याची लाज अजून गेलेली नाही.

चिखलीजवळच्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये अण्णा पंधरा वर्षं हजेरी कारकून होते. आजूबाजूला मोठ्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यांना लागणारे सुटे भाग आम्ही करायचो. कामगार कायद्यातली एकच गोष्ट मला तोंडपाठ होती. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणसाला सहज काढता येत नाही. म्हणून सात महिने होत आले की ‘ब्रेक’ द्यायचा, नाव कमी करायचं आणि काही दिवसांनी तोच माणूस नवा म्हणून घ्यायचा. सगळेच करत होते, मीही केलं…

ब्रेकची यादी अण्णा करायचे. सुबक अक्षर, खाडाखोड नाही. त्यात दर वेळी एक नाव त्यांचं स्वतःचं असे. त्या दिवसांतही ते यायचेच, कारण त्यांच्यावाचून माझं पान हलत नसे. सगळ्यांची हजेरी लावायचे, स्वतःची तेवढी नाही. त्या दिवसांचे पैसे मी गुपचूप हातावर ठेवायचो आणि आपण फार भले मालक आहोत असं समजायचो.

एकदाच म्हणाले, ‘‘साहेब, आमचं बी कायमचं बघा की.’’

‘‘बघू अण्णा, पुढच्या वर्षी.’’

एकाला कायम केलं तर उद्या दहा जण दारात उभे राहतील, ही धास्ती. पुढची वर्षं आली आणि गेली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

तेरावं झाल्यावर अण्णांच्या पत्नी, वहिनी, आल्या. ‘‘दुसरं काय नको, साहेब. हे हितं नोकरीला व्हते एवढं लिहून द्या. फोटोशेजारी लावायचंय.’’

मी जुनी मस्टर काढली. त्यांच्याच अक्षरात, पंधरा वर्षांत हा माणूस एकदाही सलग आठ महिने कामावर नव्हता. वकिलांना विचारलं तर म्हणाले, ‘‘मस्टरबाहेरचं अक्षर लिहू नका. बाकीचे कामगार तोच कागद घेऊन कोर्टात जातील.’’ त्यांचं खोटं नव्हतं. पण मी आता थकलोय, या हुशारीचाच कंटाळा आलाय. मी लिहिलं, ‘ज्ञानोबा आमच्याकडे पंधरा वर्षं सलग नोकरीत होते.’ खाली सही, शिक्का.

वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी कागदावरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘कायम व्हते, असं हाय न्हवं ह्यात?’’

नव्हतं. एवढं लिहूनही तो शब्द मी टाळलाच होता… कागद परत मागून घेतला आणि ‘सलग’च्या पुढे ‘कायम’ लिहिलं.