आक्काच्या डोमेनसाठी लावलेलं वजन

माझी अक्कल किती, हे माझ्याच तोंडून ऐकायचंय? मग चहा घ्या आणि बसा निवांत.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं मसाल्याचं छोटं दुकान आहे. चटणी आईच्या हातची, आईला सगळा गाव आक्का म्हणतो, म्हणून पाटीवर ‘आक्काची चटणी’. वेबसाईट काढायला गेलो तर कळलं, त्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता हो, आधीच गेलंय. कुणी घेतलं? मुरगूडच्या माझ्या चुलतभावानं, तानाजीनं! तिथं तो स्वतःची चटणी विकत होता आणि पुण्याची गिऱ्हाइकं ती आक्काची समजून खात होती.

आक्का एवढंच म्हणाली, "माझं नाव तेवढं माघारी आण." मला ते फार लागलं.

वकीलबाई म्हणाल्या, दिल्लीत लवाद असतो, तिथं तक्रार करू. नाव तुमचं आहे, तानाजीचा त्यावर हक्क नाही आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेतलंय, एवढं दाखवलं की झालं. ट्रेडमार्कचा कागद आणि जुनी लेबलं पुरेत.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं नुसत्या कागदावर कधी काम झालंय? मी गेलो साहेबांकडं. साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हे इंटरनेट कुणाच्या हातात असतंय? कलेक्टरच्या का महापालिकेच्या?"

"कुना एकाच्या न्हाय, साहेब. मोठं नियम परदेशात ठरत्यात. आपल्या हितलं दिल्लीतनं चालतंय."

"मग दिल्लीत आपला कोण हाय?"

कुणीच नव्हतं. तरी साहेबांनी लेटरहेडवर लिहून दिलं, ‘सदर डोमेन अर्जदारास तात्काळ देण्यात यावे.’ मग दूध संस्थेच्या चेअरमनचं पत्र आणलं, तालमीच्या वस्तादांचं आणलं, जोतिबावरच्या एका गुलालवाल्याचंही आणलं. त्याचा काय संबंध, ते विचारू नका.

वकीलबाईंनी सगळा गठ्ठा परत दिला. लवाद वजन बघत नाही, पुरावा बघतो, म्हणाल्या. मला वाटलं, बाई हुशार आहेत, पण जग बघितलेलं नाही.

तक्रार माझ्याच ईमेलवरून जायची होती. मी गुपचूप पत्रं जोडली. वर आणखी वीस फ्लेक्सचे फोटो. वाढदिवस असो, निवड असो, उद्घाटन असो, खालच्या रांगेत शुभेच्छुक म्हणून मी हात जोडून उभा असतोच. माझी ऊठबस कुणाकुणात आहे, ते दिल्लीला कळू दे की! फ्लेक्सवाल्यानं त्याच्या कॉम्प्युटरमधनं वीस फोटो काढून दिले, मी ते तसेच्या तसे पाठवले.

निकाल आला. आपण हरलो, असं सांगून वकीलबाईंनी फोनवर मराठीतनं कारण वाचून दाखवलं. तक्रारदारानंच सादर केलेल्या फोटो क्रमांक अकरामध्ये, नव्या वेबसाईटबद्दल तानाजीचं जाहीर अभिनंदन करणाऱ्यांत खुद्द तक्रारदार आहेत. डोमेनचं नावही वर ठळक छापलंय. मग वाईट हेतू कसला?

एवढं वाचून बाईंनी फोन ठेवला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

झालं होतं असं, की आमचा फ्लेक्सवाला फोन करतो, "पावणं, तुमचा फोटो घालू का?" मी म्हणतो, "घाल की." फ्लेक्स कुणाचा, हे विचारणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी आक्काला सगळं सांगितलं. तिनं तो फोटो मोबाईलवर बघायला मागितला. बराच वेळ बघितला.

"फोटो झ्याक आलाय तुजा. वर काय लिवलंय?"

वाचून दाखवलं.

"हे आदी वाचलं नव्हतंस व्हय?"

"न्हाय."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला.

"मला वाचाया येत न्हाय म्हणून तुला शाळंत घातलंतं, लेकरा."