एक जूनचे दोघे भाऊ

थोरल्या भावाला बुद्धिबळात एकदा तरी हरवायचं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा मी आयुष्यात बाळगली आणि ती एका कंपनीनं मातीत घातली. आता बरीच वर्षं झाली, तरी आठवलं की घास घशाखाली उतरत नाही. बायको म्हणते, "जेवताना काढू नका तो विषय. भाजी गार होते."

दादा नोकरीला जबलपूरला. नव्वदच्या दशकात आम्ही पोस्टकार्डावर खेळायचो. एका कार्डावर एक खेळी, खाली आईच्या गुडघ्याची खबर. डाव वर्ष-वर्ष चालायचा आणि शेवटी मी हरायचो. ती सगळी कार्डं आईनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली. म्हणजे माझ्या पराभवाचा लेखी पुरावा घरात कायमचा हजर.

पुढं दोन हजार सहा-सातच्या सुमारास दादानंच मला इंटरनेटवरच्या एका बुद्धिबळाच्या साइटवर ओढलं. तिथं प्रत्येक खेळीला पाच दिवसांची मुदत. चुकली की डाव गेला. मी जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका शाळेवर मास्तर. शाळा सुटली की एसटीनं जुन्नरला उतरायचं, स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसायचं, खेळी करायची, घरी जायचं. सगळ्या खेळ्या साइटवर आपोआप राहतात म्हणून वहीत उतरवायचंही मी सोडून दिलं. आळस, दुसरं काय.

आणि एका डावात चमत्कार झाला. दादाचा वजीर माझ्या घोड्यानं आणि उंटानं असा कोंडला, की त्याला हलायला एक घर राहिलं नाही. शनिवारी त्याची खेळी आली. गुरुवार संध्याकाळपर्यंत मला वजीर उचलायचा होता, बस. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून कॅफेत गेलो. पडद्यावर आलं : संशयास्पद हालचालींमुळे आपले खाते बंद करण्यात आले आहे.

मी मास्तर माणूस. अर्ज लिहिण्यात हयात गेलेली. विषय, संदर्भ, महोदय, सगळं मांडून इंग्रजीत अर्ज धाडला. दोन मिनिटांत उत्तर : आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, पासवर्ड विसरल्यास पुढील गोष्टी करा. मी पासवर्ड विसरलो नव्हतो. तो वहीत होता, शाळेच्या कपाटाच्या आतल्या बाजूला होता आणि कॅफेवाल्या ताईंना पाठ होता. तसं कळवलं. पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. असं पाच वेळा. पाच नावं आणि अक्कल सगळ्यांत मिळून एक.

मंगळवारी कुठं खरं कारण आलं. दोन खात्यांचं आडनाव एक, जन्मगाव एक, जन्मतारीख एक, आणि एक खातं दुसऱ्याकडून नेहमीच हरतं. सबब हा एकच माणूस असून आपलं मानांकन वाढवायला त्यानं हरण्यासाठी दुसरं खातं उघडलं आहे. म्हणजे मी इतका हरत होतो, की मी खरा माणूस असेन यावर त्यांचा विश्वासच बसेना.

जन्मतारखेचं खरं होतं. वडिलांनी आम्हा दोघांना कळंबच्या पुढच्या आमच्या गावात एकाच दिवशी शाळेत घातलं. दादा दोन वर्षांनी मोठा, पण तोवर गुरं वळत होता. गुरुजींनी दोघांनाही एक जून दिला, सालही एकच. आई सांगते, दादा बाजरीच्या काढणीत झाला आणि मी हुरड्याच्या दिवसांत. जूनशी आमचा संबंध नाही. पण तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू? मी स्वतः माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना एक जूनच दिलेला. शाळा उघडते, सहा वर्षं भरतात, रजिस्टर स्वच्छ दिसतं.

"जुळे आहोत म्हणून लिहून टाका ना सर," कॅफेवाल्या ताई म्हणाल्या.

पण माझ्या अंगात सत्य संचारलं. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असून आमचा दोघांचा जन्म एकाच दिवशीचा आहे, असं मी इंग्रजीत लिहिलं. वाचून पाहिलं तर मलाही ते खोटं वाटलं. वर दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, गोल शिक्क्यासकट जोडले. उत्तर आलं : आमच्या निष्कर्षाला पुष्टी देणारी कागदपत्रे पाठवल्याबद्दल धन्यवाद.

बुधवारी दादाला फोन केला. तो हसतच बसला. "घड्याळ चालूय मास्तर. उद्या संध्याकाळी तू हरला."

"अरे, तुझा वजीर मेलाय. हार मान ना."

"मी का मानू? तुजं खातं बंद, त्यात माजी काय चूक?"

शेवटी फोन आईनं ओढून घेतला. "थोरला हायेस ना? मग लिही त्यान्ला, ह्यो माजा भाऊ हाय म्हणून. लाज न्हाई वाटत, धाकट्याला रडवतो?" मी बेचाळिशीचा होतो.

आईपुढं दादाचं काही चालत नाही. त्यानं त्याच दिवशी लिहिलं, की दोन्ही खाती आमच्याच घरातली आहेत आणि थोरला म्हणून मी जबाबदारी घेतो. गुरुवारी सकाळी त्याला उत्तर गेलं : कबुलीबद्दल आभार. दोन्ही खाती कायमची बंद. सर्व डाव नष्ट. त्याच दिवशी मला आणखी एक पत्र, आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे द्याल? एकही तारा न देण्याची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

आता दादाही पेटला. आठवडाभर फोनवर आम्ही दोघांनी मिळून त्या कंपनीचा उद्धार केला. इतकं एकमतानं आम्ही लहानपणापासून कधी बोललो नव्हतो.

एप्रिलमध्ये जयंतीला तो गावी आला. मी पट मांडला, सोंगट्या जिथल्या तिथं ठेवल्या.

"तुजा घोडा इथं नव्हता," दादा म्हणाला.

"इथंच होता."

"मग माज्या वजिराला हे घर मोकळं व्हतं."

"नव्हतं रे. तिथं माझा उंट होता."

"दाखव कुठं लिवलंय."

आईनं आतून डबा आणला. "भांडू नका. ह्यात बगा की." त्यात माझे सगळे पराभव होते, तारीखवार.

निघताना एसटीत चढता चढता दादा म्हणाला, "कार्डावर नवा डाव टाक. पयली खेळी तुजी."

कार्ड आणून ठेवलंय. खेळी लिहिलेली नाही. आधी त्यानं घोडा कबूल करावा.