आधी मान उचलू दे

बाळ रडल्याचं ऐकलं आणि मी शहाण्यासारखा पेढे वाटत सुटलो. बायको अजून टेबलावरच होती, हे माझ्या गावीही नाही! सोलापूरच्या त्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडं दिसलं, तशी मी भूल देणाऱ्या बाईंपुढेही पुडा धरला. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेल्या त्या ठेंगण्या बाई रबरी पिशवी दाबून हिला श्वास देत होत्या. त्यांनी पेढ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बाई, घशातली नळी काढा की आता," सर्जन म्हणाले. "पुढची केस खोळंबलीय."

"हिला झटक्यांवरचं औषध दिलंय. त्यानं स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल लांबतो. आधी तिला मान उचलू दे, म्हणजे स्वतः श्वास घेण्याइतकी ताकद आली हे कळेल. त्याशिवाय मी नळी काढणार नाही."

"इथं मुख्य कोण आहे?"

"तुम्हीच की! पण पिशवी माझ्या हातात आहे."

सर्जन पाय आपटत गेले. हिची मान वर येईपर्यंत बाई हात बदलून बदलून पिशवी दाबत राहिल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

नंतर बायको म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. तुमचे पेढेसुद्धा! सर्जन 'नळी काढा' म्हणाले, तेव्हा माझं बोटही हलेना. माझ्या वाटचं 'नाही' त्या बाई म्हणाल्या."